औषधाच्या दाण्यांवर उभा राहिलेला द्राक्षमळा

आपल्या भागातून हैदराबादला जाणारी बस कुठूनही निघो, शेवटी ती सोलापूर-हैदराबाद रस्त्यालाच लागते. हुमनाबाद, जहीराबाद, पटनचेरू मागे टाकत पहाटे मियापूरला पोहोचते आणि आपली माणसं पिशव्या सावरत उठून उभी राहतात. चारमिनारला जायची घाई कुणालाच नसते. आपल्या लोकांचं हैदराबाद म्हणजे कुकटपल्ली. हाउसिंग बोर्डाच्या कॉलनीत, नाहीतर तिच्या आसपासच्या गल्ल्यांत, कुणाचा भाऊ राहतो, कुणाची मुलगी दिलेली असते.

माझा चुलतभाऊ तिथेच राहतो. जीडीमेटलाच्या एका औषध कारखान्यात नोकरीला लागून त्याला आता बरीच वर्षं झाली. गेल्या डिसेंबरात नाताळच्या सुटीत मी त्याच्याकडे चार दिवस राहून आलो. काका-काकू थंडीपुरते तिकडेच होते. आमचं मूळ घर टिकोट्याच्या बाजूचं, म्हणजे विजापूर जिल्ह्यातलं. (सरकारी कागदावर २०१४ पासून विजयपुर झालं, पण घरात अजून विजापूरच.) काकू कन्नड घरातल्या, काका मराठी. त्यामुळे त्या घरात भांडण मराठीत होतं आणि समजूत कन्नडमध्ये काढली जाते.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात चहाची पूड शोधताना पिठाच्या डब्यामागे मला एक काळीभोर बाटली दिसली. रेड वाईन. भावाच्या मुलाला त्याच्या एका मित्राने दिवाळीला दिलेली. मी बाटली बाहेर काढतोय हे पाहून काकू म्हणाल्या, "अल्ले इरली बिडू." आहे तिथेच राहू दे. देवघराची भिंत पलीकडेच होती.

मी पीत नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला लेबल वाचायची खोड असते. त्या लेबलावर हंपी हिल्स असं लिहिलेलं होतं. हंपी म्हणजे आपली हंपी. विरूपाक्षाचं देऊळ, तुंगभद्रा आणि हत्तींएवढे धोंडे. तिथे वाईन? आणि तीही हैदराबादच्या माणसांनी केलेली? चार दिवस मी त्याच नादात होतो. त्या मंडळींना मी भेटलेलो नाही. प्रसिद्ध झालेली माहिती वाचली, आणि घरात द्राक्षातला एक जाणकार माणूस बसलेला होता, त्याला विचारत राहिलो.

गोष्ट कुकटपल्लीच्या शेजारीच सुरू होते. १९६० च्या दशकात बालानगरला रशियाच्या मदतीने सरकारी औषध कारखाना उभा राहिला, आयडीपीएल. पुढे तो बंद पडला, पण बंद पडण्याआधी त्याने या भागाला औषधं करणारी माणसं दिली. रेड्डीज लॅबोरेटरीजचे डॉ. अंजी रेड्डी तिथूनच बाहेर पडले होते. बालानगर, जीडीमेटला, कुकटपल्ली या पट्ट्यात लहानमोठे औषध कारखाने निघाले आणि त्यांच्यामागे आमच्या भावासारख्यांच्या नोकऱ्या आल्या.

याच वाढीच्या काळात कृष्णप्रसाद चिगुरुपाटी यांनी १९८४ साली ट्रायटन लॅबोरेटरीज काढली. माल साधा, पॅरासिटामॉल. तापाची गोळी. पुढे १९९१ च्या सुमारास ग्रॅन्युल्स इंडिया आली. नावातच धंदा आहे. ग्रॅन्युल्स म्हणजे दाणे. गोळी करायची तर औषधाची पूड, तिला बांधून ठेवणारे पदार्थ वगैरे एकत्र कालवून त्याचे आधी दाणे करावे लागतात आणि मग ते यंत्रात दाबतात. प्रत्येक कंपनी हे काम आपापलं करत होती. चिगुरुपाटींनी तयार दाणेच मोठ्या प्रमाणावर करून विकायचे ठरवले. म्हणजे इडली करणाऱ्याला रोज डाळ-तांदूळ भिजवायला न लावता तयार पीठ विकण्यासारखं. ही कल्पना चालली. जीडीमेटलाला त्यांचा कारखाना आहे, कुकटपल्लीहून रिक्षाने जाण्याइतका जवळ.

त्यांच्या पत्नी उमा चिगुरुपाटी कंपनीत संचालक होत्या, आणि नवराबायको दोघंही मॅरेथॉन धावणारे. सातही खंडांत, अगदी अंटार्क्टिकाच्या बर्फातसुद्धा, बेचाळीस किलोमीटर धावून आलेलं हे जोडपं. हे मी उगाच सांगत नाही. वाईनच्या धंद्यात उतरणाऱ्याला लांब पल्ल्याची सवय असावी लागते, ते पुढे येईलच.

दोघांनाही वाईनची आवड. आवडीतून आपलीच वाईन करावी असं मनात आलं आणि मळ्यासाठी जागेचा शोध सुरू झाला. ती जागा सापडली कोप्पळ जिल्ह्यात, हंपीच्या टेकड्यांत. २००८ साली वेली लागल्या. मळ्याला नाव दिलं ते कृष्णा आणि उमा या दोन नावांची अक्षरं जोडून, कृष्मा. पहिल्या बाटल्या दुकानात दिसायला त्यानंतर चार-पाच वर्षं गेली.

हैदराबादच्या माणसाने कोप्पळला जावं यात आपल्या वाचकांना फारसं नवल वाटायला नको. १९५६ ची राज्यरचना होईपर्यंत तो मुलूख हैदराबाद राज्यातच होता, रायचूर जिल्ह्यात. कोप्पळ वेगळा जिल्हा झाला तो १९९७ साली. राज्यं बदलली, बोर्डावरची लिपी बदलली, जमीन होती तिथेच राहिली. आपल्या सीमाभागाला हे वेगळं सांगायची गरज नाही.

मला कोडं पडलं होतं ते दुसरंच. द्राक्षं तर हैदराबादच्या दारात होती. अनाब-ए-शाही हे द्राक्षाचं वाण हैदराबादचंच. पिवळसर, लांबट, मोठ्या मण्यांचं. एके काळी शहराच्या चहूबाजूंनी त्याच्या बागा होत्या आणि राजेंद्रनगरला द्राक्ष संशोधन केंद्रही आहे. भावाचे घरमालक सांगतात की, ते लहान असताना या बाजूला 'द्राक्ष तोट' होते, आणि ते हात करतात त्या दिशेला आता मेट्रोचे खांब आहेत. मग घराजवळची द्राक्षं सोडून ही मंडळी हंपीपर्यंत का गेली?

काकांनी एका वाक्यात निकाल लावला. "ती खायची द्राक्षं रे. त्याची दारू करायची म्हणजे म्हशीच्या दुधाला गाईचं म्हणून विकायचं." आणि मग त्यांनी मला तासभर शिकवलं. आयुष्यभर वर्गात मी शिकवतो, पण इतकं नीट शिकवलेलं मी क्वचितच ऐकलंय.

आपल्याकडे तासगावपासून टिकोट्यापर्यंत द्राक्ष म्हणजे थॉमसन, सोनाका, माणिक चमन. बी नसलेलं, पातळ सालीचं. बागायतदाराची सगळी धडपड मणी फुगवण्यासाठी असते. घड विरळ करायचे, जीएच्या द्रावणात बुडवायचे, पाणी-खत बेताने पण भरपूर द्यायचं. एकरी दहा-बारा टन निघाले तर माणूस समाधानी. मणी जेवढा मोठा तेवढा भाव, आणि उरलेल्याचा बेदाणा.

रेड वाईनच्या द्राक्षाला यातलं सगळं उलटं. कॅबर्ने सोव्हिन्यों हे मूळचं फ्रान्समधल्या बोर्दो भागातलं वाण, सांजोव्हेजे इटलीतल्या तोस्कानाचं. कृष्मात ही दोन्ही आहेत. कॅबर्नेचे मणी करवंदाहून थोडे मोठे, काळे, जाड सालीचे आणि आत बिया. त्या सालीतच सगळं असतं. काळ्या द्राक्षाचा रस पिळून पाहा, तो बहुतेक वेळा पांढुरकाच निघतो. लाल रंग सालीतला. म्हणून रेड वाईन करताना रस गाळून घेत नाहीत, सालीसकट आंबवतात. आंबताना वायू सुटतो, साली वर तरंगून जाड थर धरतात आणि तो थर दिवसातून दोन-तीनदा खाली दाबावा लागतो. आठवडा, कधी त्याहून जास्त दिवस. सालीतून आणि बियांतून रंगाबरोबर तुरटपणा उतरतो, जांभूळ खाल्ल्यावर जीभ आवळते तसा. हा तुरटपणाच रेड वाईनला वर्षानुवर्षं टिकवतो.

मणी लहान राहिला तर रसाच्या मानाने साल जास्त. म्हणून वेलीला पोसायचं नाही, जरा उपाशीच ठेवायचं. पाणी मोजून. घड कमी ठेवायचे. चांगली रेड वाईन हवी असेल तर एकरी तीन-चार टनांवर समाधान मानायचं. साखर मात्र खाण्याच्या द्राक्षापेक्षा पुष्कळ जास्त चढू द्यायची, चोवीस ब्रिक्सच्या आसपास, तेव्हा कुठे तेरा टक्क्यांच्या जवळ मद्यार्क तयार होतो. आणि काळी कसदार जमीन तर नकोच. हंपीच्या टेकड्यांतली माती म्हणजे ग्रॅनाइट झिजून झालेली तांबडी, मुरमाड. पाणी धरून न ठेवणारी. काकू मध्येच म्हणाल्या, "केंपु मण्णु, तिथे शेंगसुद्धा धड येत नाही." काका म्हणाले, "म्हणूनच."

आपल्याकडची आणखी एक अडचण काकांनी सांगितली ती पुस्तकात सहसा सापडत नाही. युरोपात थंडीत वेल झोपते, पानं गाळते, वसंतात उठते. आपल्याकडे वेल झोपतच नाही. तिला आपणच छाटून झोपवायचं आणि छाटूनच उठवायचं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये, रात्री अजून गार असताना माल हाती येतो. ऑक्टोबरनंतर एक अवकाळी पाऊस आला की डाउनी आणि भुरी. फ्रान्समधून आणलेल्या तज्ज्ञालाही ही दोन छाटण्यांची शेती इथल्या माणसाकडूनच शिकावी लागते.

भारतात हा रस्ता आधी काहींनी तुडवला होता. नारायणगावला शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात फेसाळती वाईन करून ती परदेशात पाठवली. बेंगळुरूजवळ नंदी टेकड्यांच्या पायथ्याशी कंवल ग्रोव्हर यांनी शँपेन भागातल्या जॉर्ज वेसेल यांना बरोबर घेऊन फ्रेंच वाणांचा मळा केला. नाशिकला राजीव सामंत यांची सुला २००० साली बाजारात आली. महाराष्ट्राने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क काढले. कर्नाटकाने २००७ मध्ये आपलं धोरण आणलं. आपल्या दोन्ही बाजूंच्या गावांत तेव्हा वाईनच्या द्राक्षाशिवाय दुसरा विषय नव्हता.

त्या वाऱ्यात आमचे काकाही सापडले.

हे घरात फारसं बोललं जात नाही, आणि या वेळी बाटली निघाली नसती तर निघालंही नसतं. २००६ साली काकांनी दोन एकर शिराझ लावलं. एका वाईनरीशी करार केला. रोपं त्यांची, जमीन-मांडव-औषध काकांचं, माल ठरलेल्या भावाने उचलायचा. पहिला माल उचलला, पैसेही आले. मग २००८ च्या शेवटी मुंबईवरचा हल्ला झाला, जगभर मंदी आली, हॉटेलं ओस पडली आणि वाईनचा खप घसरला. नाशिकपासून आपल्यापर्यंत अनेकांची द्राक्षं वेलीवर राहिली. काकांना निरोप आला, टाक्या भरलेल्या आहेत, या वर्षी माल नको.

थॉमसन असतं तर मार्केटला गेलं असतं, नाहीतर रॅकवर टाकून बेदाणा केला असता. शिराझचं काय करणार? काका एका टेम्पोत थोडा माल घालून विजापूरच्या बाजारात गेले. व्यापाऱ्याने दोन मणी तोंडात टाकले आणि बिया बाजूला थुंकल्या. काकांना अजून ते थुंकणं आठवतं, भाव काय सांगितला ते आठवत नाही. उरलेला माल वेलीवरच सुकला आणि पाखरांनी खाल्ला. माझा भाऊ त्याच वर्षी कुकटपल्लीला आला. आला म्हणजे आणावा लागला. शिक्षण औषधनिर्मितीचं होतं, तरी त्याच्या मनात शेतीच होती.

हा सगळा हिशेब ऐकल्यावर मला त्या हंपीच्या मळ्याची गोष्ट निराळी दिसायला लागली. वर्गात मी पोरांना सांगतो की, धंद्यात नफा किती हे नंतर बघा, जोखीम कुणाच्या डोक्यावर आहे ते आधी बघा. वेल लावल्यापासून धरायला तीन वर्षं. रेड वाईन झाल्यावर ती मुरायला वर्ष-दोन वर्षं. ओकच्या लाकडाचं पिंप लागतं, ते फ्रान्समधून यायचं, त्यात मावते २२५ लिटर, म्हणजे तीनशे बाटल्या, आणि तीन-चार हंगामांत त्या लाकडाचा गुण संपतो. मद्य हा विषय राज्यांचा, त्यामुळे कर्नाटकात केलेली बाटली तेलंगणात विकायची तर पुन्हा नोंदणी, पुन्हा कर. पाच-सहा वर्षं पैसा नुसता जात राहतो. ज्याच्या घरी तापाच्या गोळ्यांच्या धंद्याचा पैसा येतो त्याला हे झेपतं. त्याला बँकेचा हप्ता मार्चमध्ये आठवत नाही.

यात चिगुरुपाटींचं काही चुकलं असं मला म्हणायचं नाही, उलट त्यांची एक गोष्ट मला पटली. ते दुसऱ्याची द्राक्षं घेत नाहीत. आपल्या मळ्यातलं द्राक्ष, आपल्याच मळ्यावर वाईन. इस्टेट म्हणतात ते हेच. पाऊस पडला, खप घसरला, टाक्या भरल्या, तर नुकसान त्यांचंच. निरोप पाठवायला समोर कुणी टिकोट्याचा शेतकरी नाही.

आपल्या जवळचं उदाहरण पाहायचं तर अकलूजचं. तिथे मोहिते-पाटील घराण्यातले रणजितसिंह आणि अर्जुनसिंह, दिल्लीचे कपिल आणि गौरव सेखरी आणि इटलीचे अलेस्सिओ आणि आंद्रेआ सेक्की अशा भावांच्या तीन जोड्या एकत्र आल्या. म्हणून नाव फ्रातेल्ली, इटालियनमध्ये भाऊ. मोटेवाडी, गारवाड, निमगावच्या माळावर त्यांनी फ्रान्समधून आणलेली लाखो रोपं लावली आणि इटलीचे पिएरो मासी वाईन करायला आले. सहा भाऊ आणि हे सातवे, म्हणून त्यांच्या एका रेड वाईनचं नाव सेत्ते, सात. त्यातही सांजोव्हेजे आणि कॅबर्नेच. माळशिरस तालुक्यातल्या दुष्काळी माळाला हे दिवस आले याचं मला कौतुक आहे. पण तिथेही पाठीशी साखर कारखान्यांचं गाव आणि मोठं घराणं होतं. लहान बागायतदाराने मुलाच्या फीच्या पैशांतून हा खेळ खेळू नये, असं माझं मत आता पक्कं झालंय.

आणि दुसरंही एक मत सांगून टाकतो, कारण हे पान घरातली सगळी वाचतात. २०२२ साली महाराष्ट्रात सुपरमार्केटमध्ये वाईन ठेवायचा निर्णय झाला तेव्हा 'वाईन म्हणजे दारू नव्हे' असं बरंच ऐकायला मिळालं. रेड वाईन हृदयाला चांगली, असंही कुणी कुणी सांगतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलंय की, मद्याचं कुठलंच प्रमाण सुरक्षित नाही. तेव्हा शेतीचं कौतुक करावं, कारागिरीचं करावं, पण औषध म्हणून ती कुणी घेऊ नये. औषध करणाऱ्या माणसांनीही ती औषध म्हणून केलेली नाही, आवड म्हणून केली.

शेवटच्या दिवशी दुपारी मी निघायच्या तयारीत होतो. काका पिठाच्या डब्यामागून बाटली घेऊन आले आणि खिडकीपाशी उजेडात धरून उभे राहिले. आत काही दिसत नव्हतं, इतका गडद रंग. काकू आतून बघत होत्या, पण या वेळी काही बोलल्या नाहीत.

"हे लोक रोपं कुठल्या खुंटावर बांधतात?" काकांनी विचारलं. "डॉगरिज का?"

मला माहीत नव्हतं. काका विचारत होते त्याला कारण होतं. त्यांनी २००९ च्या एप्रिलमध्ये शिराझ खरडून टाकलं, पण मुळासकट उपटलं नाही. डॉगरिजचा खुंट तसाच ठेवून त्यावर थॉमसनचे डोळे भरले. ती बाग अजून उभी आहे. भाऊ दर महिन्याला पैसे पाठवतो, पण त्या दोन एकरांचा बेदाणा काका स्वतः तासगावला घेऊन जातात.

"परत जाताना मला बरोबर ने," ते म्हणाले. "रायचूरवरून कोप्पळला उतरू. आत जाऊ देतील न देतील, रस्त्यावरून मांडव तर दिसेल."

"काका, तिकडून लांब पडतं. कॉलेज सुरू होतंय माझं."

"बरं, राहू दे." त्यांनी बाटली पुन्हा डब्यामागे सरकवून ठेवली. हात पुसत बाहेर आले, खुर्चीत बसले आणि बोटांवर ऑक्टोबरपासूनचे दिवस मोजले. "आत्ता तिकडे मण्यांत पाणी उतरत असेल," ते म्हणाले.